राजहंसगडावरचा प्रश्न : जे दिसत नाही ते आहे, हे कळलं कसं?

खानापूरचा मास्तर

मंडळी, नमस्कार. जरा लांबलचक लिहितोय, पण मला खरंच मदत पाहिजे.

गेल्या शनिवारी आठवी-नववीची बावीस मुलं घेऊन राजहंसगडावर गेलो होतो. कार्तिक अमावास्या जवळ आलेली, आभाळ स्वच्छ. उत्तरेला बेळगावच्या दिव्यांचा उजेड पसरलेला असतो, पण बाकी दिशा चांगल्या काळ्या मिळतात. वायव्येला हंस तारकासमूह कलत होता. गडाच्या नावातच राजहंस, म्हणून सुरुवात तिथूनच केली. छाती दाखवली, चोच दाखवली, आणि दोन्हींच्या मधे मानेवरचा एक तारा दाखवून म्हटलं, "याच्या अगदी शेजारी एक कृष्णविवर आहे. हंस एक्स-१. सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचं."

नववीतली एक मुलगी बराच वेळ मान वर करून उभी होती. मग म्हणाली, "सर, तिथं काहीच न्हाई की."

म्हटलं, उपग्रहावरच्या दुर्बिणींना दिसतं. तर म्हणाली, "त्यांना दिसतंय तर आपल्याला का नाही? आणि दिसतच नव्हतं तर तिकडं बघायचं हे आधी कुणाला सुचलं?"

मी उत्तर दिलं, पण ते पुस्तकातलं. क्ष-किरण, वातावरण, उच्च ऊर्जा असे शब्द टाकले. तिनं मान हलवली. ती मान कशी हलते हे पंचवीस वर्षं बघतोय. समजलं म्हणून हलत नाही, सर थांबावेत म्हणून हलते.

पुढच्या अमावास्येला पुन्हा जाणार आहोत. तोवर मला तिच्या दोन्ही प्रश्नांची नीट उत्तरं हवी आहेत, हातात धरून दाखवता येतील अशी. आणखी एक अडचण : आमची ६ इंची दुर्बीण जुनी, दुसऱ्या हाताची घेतलेली. खालच्या पाटावरचा मधला बुश झिजलाय. वृषभ वर आल्यावर क्रॅब तेजोमेघ लावायचा प्रयत्न केला, तर धक्का लागला की चित्र निसटायचं. मुलं रांगेत ताटकळली आणि शेवटी कुणालाच दिसलं नाही.

क्षकिरण_निपाणी

सर, मी एक्स-रे विभागात टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. तुमचा धागा वाचून रात्री झोप लागेना, कारण हा प्रश्न मला स्वतःला कधी पडलाच नव्हता.

हाताचा एक्स-रे काढताना मी मशीन ५०-५५ केव्हीवर, म्हणजे किलोव्होल्टवर, ठेवते. छातीला त्याहून बरंच जास्त. म्हणजे नळीतून निघणाऱ्या किरणांची ऊर्जा जास्तीत जास्त तेवढे किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट. आता वाचलं की आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरचं एक उपकरण २० ते १०० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या पट्ट्यात चित्र काढतं. म्हणजे हाच पट्टा! माझ्या खोलीत शिशाच्या पडद्याआड उभं राहून मी जे किरण सोडते, तेच आकाशातून येतात.

मुलांना सांगा, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट. माझ्या खोलीतल्या कणाची त्याच्या वीस-पंचवीस हजार पट. डोळ्याचा पडदा त्या दोन-तीनसाठी बनलाय. पेशंट मला रोज विचारतात, "ताई, झाला काय? काहीच कळलं नाही." झालेला असतो. फिल्मवर हाड उमटलेलं असतं.

पण मला एक कळत नाही. माझ्या नळीत तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, टंगस्टनवर आदळून एकदम अडतात आणि किरण निघतात. बटण मी दाबते. वर आकाशात बटण कोण दाबतं? आणि दुसरं, हे किरण माणसाच्या छातीतून आरपार जातात, मग हवेतून खाली का येत नाहीत?

शहापूरची_पुण्यात

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं गणित सुंदर आहे आणि नववीला जमेल.

आपल्या डोक्यावरची सगळी हवा वजनानं १० मीटर खोल पाण्याइतकी भरते. म्हणजे तेहतीस फुटी भरलेली विहीर डोक्यावर घेऊन आपण फिरतो. ६० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे क्ष-किरण पाण्यातून जाताना दर साडेतीन सेंटिमीटरला निम्मे होतात. छातीची जाडी वीस-पंचवीस सेंटिमीटर, त्यातही फुप्फुसात हवाच, म्हणून सहा-सात वेळा निम्मे होऊनही फिल्मवर थोडे पोचतात. १० मीटरमध्ये मात्र जवळजवळ तीनशे वेळा निम्मे. मुलांना एक कागद तीनशे वेळा अर्धा करायला सांगा. बाराव्या घडीपर्यंतसुद्धा कुणी जाणार नाही. जमिनीवर एकही कण येत नाही, आणि म्हणूनच आपण जगतो.

त्यामुळे दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. जून १९६२ मध्ये रिकार्डो जिआकोनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक अग्निबाण सोडला. तो हवेच्या वर जेमतेम काही मिनिटं होता. शोधत होते चंद्रावरून येणारे क्ष-किरण, आणि सापडला वृश्चिकेतला एक इतका तेजस्वी स्रोत की कुणाचा विश्वास बसेना. वृश्चिक एक्स-१. ही तुमच्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाची अर्धी बाजू : सर, तिकडं बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. बघायला गेले एक, दिसलं दुसरंच. हंस एक्स-१ सुद्धा अशाच अग्निबाणांतून १९६४ मध्ये सापडला. पुढे डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून उहुरू हा पहिला खास क्ष-किरण उपग्रह गेला. उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. त्यानं तीनशेहून अधिक स्रोतांची यादी दिली. जिआकोनींना २००२ चं नोबेल मिळालं.

आता 'बटण'. हंस एक्स-१ मध्ये एक निळा महातारा आणि कृष्णविवर एकमेकांभोवती ५.६ दिवसांत फिरतात. ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही, गरगरत चकती होते. घासून घासून तो वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो, आणि तितकं तापलेलं काहीही क्ष-किरणांतच चमकतं. कृष्णविवरातून काही येत नाही. त्याच्या उंबरठ्यावरचा वायू बोलतो.

उद्यमबागेतला टर्नर

तापण्याचं मी सांगू का? लेथवर यायच्या आधी सात वर्षं फाउंड्रीत होतो.

मुलांना भट्टी दाखवा. लोखंड तापायला लागलं की आधी फक्त धग लागते, रंग काही नाही. हात जवळ नेला तर भाजेल पण डोळ्याला काळंच. मग मंद लाल, मग केशरी, मग पिवळं. बीड ओतायच्या वेळी १४०० अंशांच्या आसपास असतं तेव्हा चष्म्याशिवाय बघवत नाही. आमचे जुने मेल्टर नुसत्या रंगावरून सांगायचे, "अजून पन्नास चढू दे." आणि मीटर लावला की खरंच तेवढंच निघायचं.

म्हणजे रंग हाच ताप सांगतो. मग ताईंनी लिहिलंय तसं कोटी अंश झाले तर रंग डोळ्याच्या पलीकडं निघून जात असणार. लाल होण्याआधीचं लोखंड डोळ्याच्या अलीकडं, आणि ते कृष्णविवराचं चक्र डोळ्याच्या पलीकडं. बरोबर काय?

आणि मास्तर, तो बुश माझ्याकडं द्या. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि लांबी व्हर्नियरनं घेऊन पाठवा. नायलॉनचा असेल तर गनमेटलचा करून देतो, जन्मभर झिजणार नाही.

खानापूरचा मास्तर

भट्टीचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील, काका उद्यमबागेत आहेत. हे त्यांच्या घरातलं आहे. माप उद्याच पाठवतो, आणि मनापासून आभार.

कृष्णाकाठ

मी मांजरीचा. शिकलेला न्हाई जास्त, पण ह्या धाग्यावर यावं वाटलं. थ्री फेज रात्रीची असली की उसाला पाणी सोडून बांधावर बसावं लागतंय. सारी रात आभाळच बघतो. तिकांडं डोक्यावर आलं की पाळी बदलायची, हे आज्जानं शिकवलेलं.

मला एवढंच इचारायचं हाय, ते क्रॅब क्रॅब म्हणतासा ते कुठं? तिकांड्याच्या वर रोहिणी लाल दिसती ती ठावी हाय.

शहापूरची_पुण्यात

काका, तुम्ही अगदी जवळ आलात. रोहिणी म्हणजे बैलाचा डोळा. तिथून दोन लांब शिंगं निघतात. तिकांड्याच्या बाजूचं जे शिंग, त्याच्या टोकाचा तारा धरा. क्रॅब त्याच्या शेजारीच, पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या दोन-तीन पट अंतरावर. नुसत्या डोळ्याला दिसणार नाही.

सन १०५४ मध्ये मात्र तिथं एक तारा फुटला होता आणि तो दिवसाढवळ्या दिसत होता. चिनी ज्योतिष्यांनी लिहून ठेवलंय. फुटलेल्या ताऱ्याचा गाभा अजून तिथं आहे. एका शहराएवढा गोळा, वस्तुमान सूर्याहून जास्त, आणि सेकंदाला तीस वेळा फिरतो. त्याच्या चुंबकी क्षेत्रात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पळतात आणि वळताना क्ष-किरण, गॅमा किरण सोडतात. निपाणीच्या ताईंच्या नळीत इलेक्ट्रॉन भिंतीवर आपटून थांबतात, इथं ते चुंबकाभोवती वळतात. त्यामुळे 'बटण' एकच नाही, निदान दोन तरी आहेत : कधी ताप, कधी वेग.

अथणीकर

सगळं छान आहे, वाचतोय. पण मनातलं बोलतो. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. ६५०० प्रकाशवर्षांवरचा गोळा किती वेळा फिरतो हे कळून आमच्या हंड्यात काय पडणार? रागावू नका, पण हा प्रश्न मुलं विचारणारच.

क्षकिरण_निपाणी

दादा, राग कशाला? प्रश्न खराच आहे. टँकरचं उत्तर दुर्बिणीत नाही, आणि आहे असं मी म्हणणार नाही. पण १८९५ मध्ये रंटगेननं बायकोच्या हाताचा पहिला एक्स-रे काढला तेव्हा तो हाड मोडलेल्यांसाठी काम करत नव्हता. नळीतून काय निघतंय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून शोधत होता. आज माझ्याकडे रोज चाळीस-पन्नास माणसं येतात. ह्यातलं काय कधी उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही, एवढंच मला कळतं.

अथणीकर

पटतं अर्धं. अर्धं अजून मनात आहे. पण मुलांना न्या जरूर.

उद्यमबागेतला टर्नर

माझी एक शंका राहिलीय. क्ष-किरण सगळ्यातून आरपार जातात तर दुर्बिणीचा आरसा कसला? आरशातूनही जातील की.

शहापूरची_पुण्यात

काका, हा प्रश्न तुमच्याकडूनच यायला हवा होता.

समोरून आले तर जातात. पण अगदी तिरपे, पृष्ठभागाला घासून आले तर परततात. मलप्रभेच्या डोहात चपटा दगड तिरपा मारला की टप्पे घेत जातो, वरून टाकला की बुडतो, तसं. म्हणून क्ष-किरण दुर्बिणीचा आरसा ताटासारखा नसतो, नळकांड्यासारखा असतो. एकात एक बसवलेली नळकांडी, किरण आतल्या भिंतीला घासून जातात आणि पुढे एका बिंदूत जमतात.

नासाची चंद्रा ही क्ष-किरण वेधशाळा २३ जुलै १९९९ ला अवकाशात गेली. नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं. १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर बसून त्यांनी जे गणित केलं, त्यातून कळलं की थंड होणारा तारा सूर्याच्या सुमारे १.४ पटीच्या पुढे स्वतःला सावरू शकत नाही. या चंद्रा वेधशाळेत आरशांच्या चार जोड्या आहेत, सगळ्यात मोठा १.२ मीटर व्यासाचा, वर इरिडियमचा मुलामा. आणि फिनिशिंग म्हणाल तर उंचसखलपणा काही अणूंच्या जाडीइतकाच. तुमच्या एका मायक्रॉनमध्ये काही हजार अणू ओळीनं बसतात.

ॲस्ट्रोसॅटची मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांची, दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बनली. तिच्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर सोन्याचा मुलामा दिलेले आरसे आहेत, चाळीस थर एकात एक. एकूण ३२० तुकडे. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही अग्निबाणानं ती ६५० किलोमीटरवर नेली.

उद्यमबागेतला टर्नर

बेअरिंगची सीट दहा मायक्रॉनमध्ये बसली की आम्ही चहा सांगतो. बोअरची आतली बाजू गुळगुळीत करणं बाहेरच्यापेक्षा किती अवघड असतं ते लेथवाल्यालाच कळतं, हत्यार आत पोचत नाही, थरथरतं. १.२ मीटर व्यासाचं नळकांडं आतून अणूंच्या हिशोबात! ज्या माणसांनी ते घासलं त्यांचे हात बघायला आवडतील मला.

शहापूरची_पुण्यात

ताईंच्या पट्ट्यासाठी, म्हणजे २० ते १०० साठी, ॲस्ट्रोसॅटवर आरसाच नाही बरं का. तिथं टँटलमची अर्धा मिलिमीटर जाड पत्री आहे, ठरावीक नक्षीत भोकं पाडलेली, आणि खाली मोजणारे स्फटिक. तुमच्याकडे जुन्या वाड्यात लाकडी जाळीची खिडकी असेल तर दुपारी बघा. ऊन सरकलं की जमिनीवरची नक्षी सरकते. फक्त नक्षी कुठं पडलीय हे बघून सूर्य कुठं आहे ते सांगता येतं. अगदी तेच. प्रत्येक स्रोताची सावली वेगळ्या जागी पडते आणि गणितानं उलट जाऊन आकाश मांडतात.

ह्याच उपकरणानं क्रॅबच्या त्या फिरत्या गोळ्याच्या किरणांचं ध्रुवीकरण मोजलं, म्हणजे लहरी कोणत्या दिशेनं थरथरतात ते. २०१७ मध्ये ते छापून आलं. गंमत अशी की फिरताना गोळ्याचा झोत आपल्याकडे नसतो त्या मधल्या वेळात ध्रुवीकरण सगळ्यात जास्त बदलताना दिसलं. चालू सिद्धान्तांना ते सहज पचलं नाही. १ जानेवारी २०२४ ला इस्रोनं खास ध्रुवीकरणासाठी एक्सपोसॅट सोडला. त्यावरचं मुख्य उपकरण बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचं. सर, मुलांना हे जरूर सांगा, आपल्याच राज्यात बनलंय. आणि त्याही आधी, १९६५ मध्ये, कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरून अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतून जन्मलेले न्यूट्रिनो नावाचे कण पकडले होते. त्या कामातले बी. व्ही. श्रीकांतन म्हैसूरजवळच्या नंजनगूडचे.

टिळकवाडीची मावशी

मी फक्त वाचत असते, आज लिहिते. माझ्या नातवानं विचारलं, असा एखादा स्फोट जवळ झाला तर आपण मरणार का? त्याला काय सांगू?

शहापूरची_पुण्यात

मावशी, त्याला कोजागिरीची गोष्ट सांगा. खरी आहे.

९ ऑक्टोबर २०२२, रविवार, कोजागिरी. संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला, घरोघरी दूध आटवायची तयारी चालू असेल तेव्हा, शर तारकासमूहाच्या दिशेनं गॅमा किरणांचा एक लोट पृथ्वीवर आला. त्या वेळी आकाशाचा तो भाग आपल्या जवळजवळ डोक्यावर होता. एक प्रचंड तारा कोसळून कृष्णविवर झालं, त्यातून निघालेला झोत होता तो, आणि १९० कोटी वर्षं प्रवास करून आलेला. आजवर नोंदलेला सगळ्यात तेजस्वी. २००८ पासून अवकाशात फिरणाऱ्या फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीची मोजणी यंत्रं त्यानं भरून टाकली. कण इतके वेगानं आले की मोजता येईनात. आपल्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थरसुद्धा हलला, लांब लहरींच्या रेडिओत ते नोंदलं गेलं.

आणि खाली? दुधात चंद्र बघत बसलेल्या एकालाही काही झालं नाही. ती तेहतीस फुटी विहीर डोक्यावर होती ना. असे झोत अरुंद असतात, बहुतेक दुसऱ्या दीर्घिकांत आणि फार दूर होतात. नातवाला निर्धास्त झोपू दे.

टिळकवाडीची मावशी

त्या कोजागिरीला आमच्या गच्चीवर बत्तीस माणसं होती. हे गेले त्याच्या आधीची शेवटची. आमच्या डोक्यावर तेव्हा असं काही चाललं होतं! नातवाला सांगितलं. तो गच्चीवर जाऊन शर कुठं म्हणून विचारतोय.

खानापूरचा मास्तर

काल जाऊन आलो. अमावास्येला थंडी चांगलीच होती, दोन मुलं ब्लँकेट पांघरून आली. निपाणीच्या ताईंनी हाताची एक जुनी फिल्म पाठवली होती, नाव कापून. ती बॅटरीसमोर धरली आणि मुलीला विचारलं, "हा उजेड तुला दिसला होता काय?" मग भट्टी, मग विहीर, मग कागदाच्या घड्या. सातव्या घडीलाच सगळे हरले.

बुश इतका नेटका बसलाय की नळी बोटानं ढकलली तरी लोण्यासारखी फिरते आणि सोडली की जागेवर थांबते. कृष्णाकाठ दादांनी विचारलेल्या शिंगाच्या टोकावरून क्रॅब लावला आणि तासभर रांग चालली. ६ इंचांत काय दिसणार? कपाळावरची विभूती बोटानं पुसल्यावर उरते तसा एक फिकट डाग. मी सांगून ठेवलं होतं की सरळ बघू नका, जरा बाजूला बघा म्हणजे उमटेल.

तिची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ डोळा लावून होती. मागची मुलं ओरडायला लागली. मग डोळा न काढताच म्हणाली, "दिसलं. पण हे वरचं कवच हाय न्हवं सर? फिरतंय ते आत हाय." आणि एक ते तीस मोजायला लागली, जमेल तेवढ्या भरभर. पाचला सेकंद संपला.

उद्यमबागेतला टर्नर

मास्तर, पाटाच्या कडेला पण थोडा खडखडाट आहे असं म्हणाला होता. पुढच्या आठवड्यात पाट घेऊनच या, रविवारी शॉप बंद असतं, निवांत बघू. मुलीला पण आणा. लेथ सेकंदाला तीस फेऱ्यांवर, म्हणजे अठराशे आरपीएमवर लावून दाखवतो तिला.